देहबोली : दिसतं काय, आणि आपण वाचतो काय

चाहूल

"डोळ्यांत बघत नव्हता, म्हणजे खोटं बोलत होता." "तिनं हाताची घडी घातली तेव्हाच कळलं, हिला पटलेलं नाही." "नाकाला हात गेला की समजायचं, काहीतरी लपवतोय." हल्ली अशी वाक्यं फार ऐकू येतात. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कुणीतरी ठासून सांगतं की अमुक हालचालीचा अर्थ तमुक, आणि बघणारे दुसऱ्या दिवसापासून घरच्यांना आणि सहकाऱ्यांना त्या मापानं मोजू लागतात.

विषय मला जिव्हाळ्याचा आहे, म्हणून धागा काढते आहे. माणसं न बोलता पुष्कळ सांगतात हे खरंच आहे. चार्ल्स डार्विननं १८७२ मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यानंतर या विषयावर भरपूर काम झालं. पण अभ्यासातून हाती आलं ते एक आणि लोकांपर्यंत पोचलं ते भलतंच, अशी अवस्था आहे. याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. बुजरा उमेदवार "आत्मविश्वास नाही" म्हणून मागे पडतो, घाबरलेलं मूल खोटारडं ठरतं, दमून घरी आलेली बाई रुसलेली ठरते.

आधी, ९३ टक्के संवाद शब्दांवाचूनच होतो असं म्हणतात त्याबद्दल. "संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५" हे जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. हे आकडे आले अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून. त्यांत लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, आणि एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. विचारलं होतं एवढंच, की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नाही. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच सांगतोय, अशा वेळी ऐकणारा कशावर भरवसा ठेवतो, हे त्यातून दिसलं. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. "गोळी अर्धीच घ्या आणि दोन दिवसांनी परत दाखवा" हे वाक्य कितीही उत्तम हावभाव केले तरी शब्दांवाचून पोचणार नाही.

दुसरा मुद्दा खोटं पकडण्याचा. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. २४ हजारांहून अधिक लोकांनी "हा खरं बोलतोय की खोटं" असे निर्णय दिले होते. ते बरोबर येण्याचं प्रमाण सरासरी ५४ टक्के. न बघता, न ऐकता नुसता अंदाज केला तरी ५० टक्के येतात. त्याआधी २००३ मध्ये डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी १५८ निरनिराळ्या खुणा तपासल्या होत्या. बहुतेक खुणांचा खोटेपणाशी संबंध एक तर नव्हताच, नाही तर अगदी क्षीण होता. नजर चुकवणं त्यातच आलं. आणि तरीही जगभरात लोकांना विचारलं की खोटारडा कसा ओळखाल, तर सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर "नजर चुकवतो" हेच असतं.

मग देहबोली बघूच नये का? जरूर बघावी. पण तिच्याकडून नेमकं काय मिळतं ते समजून बघावी. माझं म्हणणं असं, की अंगाची हालचाल आपल्याला "काहीतरी बदललं" इतकंच सांगते. काय बदललं आणि कशामुळे, हे तिच्यात लिहिलेलं नसतं, ते विचारावं लागतं.

बदल कळायला आधी त्या माणसाची नेहमीची तऱ्हा माहीत हवी. माझ्या शेजारी बसणारी सहकारी ऐकताना मान हलवते. मी कामाचं काही समजावून सांगत असते तेव्हा तिची मान माझ्या वाक्याच्या सांध्यांवर हलते. एक मुद्दा संपला की एकदा, पुढचा संपला की पुन्हा. ती कुठे अडकली की मान थांबत नाही, उलट सारखी हलायला लागते, माझं वाक्य अर्ध्यावर असतानाही. "हं, हं" वाढतात आणि पेन कागदावरून उचललं जातं. वरवर बघणाऱ्याला वाटेल, किती लक्ष देऊन ऐकते आहे! मला मात्र कळतं की शेवटची दोन वाक्यं तिच्यापर्यंत पोचलेली नाहीत. इतपतच कळतं. मुद्दा अवघड होता, की तिचं डोकं दुखतंय, की घरून काही निरोप आलाय, हे मानेवरून कळत नाही. म्हणून मी थांबते आणि विचारते, "इथून परत सांगू का?"

दुसऱ्या कुणाची मान हलण्याची रीत अगदी निराळी असेल, तिथे हे उपयोगाचं नाही.

तुम्ही रोजच्या वागण्यात काय टिपता, आणि टिपलेल्याचं काय करता, ते वाचायला आवडेल.

दिवेलागण

छान विषय. "सारखी हलणारी मान" वाचून दोन-तीन ओळखीची माणसं लगेच डोळ्यांपुढे आली. वाचते आहे.

आडवाट

धागा आवडला, पण पूर्ण सहमत नाही. माझ्या कामात मुलाखती घ्याव्या लागतात. समोरच्याची "नेहमीची तऱ्हा" कळायला माझ्याकडे वेळच नसतो, अर्ध्या तासात निर्णय द्यायचा असतो. आणि पहिल्या काही क्षणांत बनलेलं मत बऱ्याचदा टिकतं असा माझा अनुभव आहे. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांचा १९९३ चा अभ्यास हेच दाखवतो ना? शिकवणाऱ्यांच्या काही सेकंदांच्या मूक चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, आणि त्यांनी दिलेले गुण पूर्ण सत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मतांशी बरेच जुळले. म्हणजे थोडक्या दर्शनातही काहीतरी खरं हाती लागतं.

चाहूल

आडवाट, तो अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो. पण त्यात जुळलं काय ते बघा. एका गटाला वाटलेली छाप दुसऱ्या गटाला वाटलेल्या छापेशी जुळली. शिकवणारा किती उत्साही, किती आपुलकीचा वाटतो, हे काही सेकंदांतही दिसतं, कारण ते असतंच दिसण्यासारखं. हिशेब बिनचूक करतो का, अडचणीच्या वेळी सहकाऱ्याची बाजू घेतो का, हे खुर्चीत बसण्याच्या ढबीवरून कसं कळणार?

"मत टिकतं" याबद्दलही जरा थांबून विचार करावा असं वाटतं. पहिल्या मिनिटात एखादा आवडला की आपण पुढचे प्रश्न सोपे विचारतो, हसून विचारतो, अडला तर हात देतो. नावडला की आपला आवाज कोरडा होतो, आणि तोही आक्रसतो. शेवटी आपलंच मत खरं ठरल्यासारखं दिसतं. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि गुण उत्तरागणिक लगेच लिहून ठेवायचे, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. अशा बांधीव मुलाखतींचे निकाल मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त भरवशाचे असतात, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलं आहे.

पारवा

चाहूल यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून हान्स नावाच्या घोड्याची आठवण झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन हे शिक्षक आपल्या घोड्याला गणितं घालत आणि घोडा खूर आपटून उत्तर देत असे. लबाडी कुठेच सापडेना. ओस्टेन यांच्याशिवाय इतरांनी प्रश्न विचारले तरी उत्तर बरोबर यायचं. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी नीट प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोडा चुकत होता. खुराच्या ठोक्यांची संख्या बरोबर आकड्याला पोचली की विचारणाऱ्याची मान आणि अंग नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं बघून घोडा थांबायचा. गंमत म्हणजे, हे कळल्यावर फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल ठरवूनही पुरती थांबवता येईना.

मी शिकवतो. वर्गात हे रोज घडतं. फळ्यावर गणित आहे, मुलगी म्हणते, "इथे... भागायचं?" माझा चेहरा तसाच राहतो. ती लगेच म्हणते, "नाही, गुणायचं," आणि माझी भुवई वर जाते, अंग पुढे झुकतं. ती खुशीत उत्तर पुरं करते. तिनं गणित सोडवलं नाही, मला सोडवलं. आता मी मूल उत्तर देत असताना वहीत बघतो आणि उत्तर चूक असो की बरोबर, दोन्ही वेळा "कसं ठरवलंस?" हाच प्रश्न त्याच आवाजात विचारतो. त्याचा फरक पडतो. बरोबर उत्तर देणारीही काही मुलं या प्रश्नानं सुरुवातीला गडबडायची, आता कारण सांगायला लागली आहेत.

देहबोलीच्या बहुतेक चर्चा समोरच्याकडे बोट दाखवतात. आपल्या अंगातून काय पाझरतं आणि त्यामुळे समोरचा काय बोलतो, इकडे कुणी बघत नाही.

दिवेलागण

पारवा, "गणित सोडवलं नाही, मला सोडवलं" हे फार आवडलं.

रातराणी

मी परिचारिका आहे. आमच्याकडे देहबोली बघणं हा रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पेशंट. "दुखतंय का?" "नाही, बरं आहे." पुष्कळ जण असंच म्हणतात, कुणाला त्रास नको म्हणून, किंवा दुखतंय म्हटलं की घरी सोडणार नाहीत या भीतीनं. मी लगेच पुढे जात नाही. खोकला येण्याआधीच त्याचा हात पोटावर गेला का? श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलाय का? कूस बदलताना खांदे आणि कंबर वेगवेगळे वळतात, की अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम वळतं? गुडघे पोटाशी घेऊनच पडून राहतोय का? यातलं एखादंच दिसलं तर कदाचित ती त्याची सवय असेल. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी परत विचारते, पण प्रश्न बदलून: "उठून बसताना कसं वाटतं?" याचं उत्तर "बरं आहे" असं सहसा येत नाही.

ज्यांना सांगताच येत नाही त्यांच्यासाठी ठरलेल्या मोजपट्ट्या आहेत. लहान मुलांसाठी १९९७ पासून 'फ्लॅक' वापरतात. चेहरा, पाय, एकूण हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १० पैकी. वाढलेला स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांसाठी २००३ मध्ये 'पेनॅड' आली. तिच्यातही पाचच गोष्टी आहेत, पण तिथे श्वास आणि कण्हण्यासारखे आवाज धरले आहेत.

या मोजपट्ट्या शिकवताना दोन गोष्टी बजावून सांगतात, आणि चाहूल यांच्या म्हणण्याशी त्या जुळतात. एक, पेशंट स्वतः सांगू शकत असेल तर त्याचं सांगणं पहिलं, आपलं बघणं नंतर. दोन, आलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. मूल भुकेनंही पाय झाडतं, आई दिसत नाही म्हणूनही. म्हणून उपाय केल्यावर परत मोजायचं. दूध दिल्यावर गुण उतरले तर ती भूक होती. वेदनाशामक दिल्यावर उतरले तर बहुधा वेदना होती. पहिल्या नजरेत जे वाटलं ते पुन्हा तपासल्याशिवाय कागदावर पक्कं करत नाही.

मुक्काम

रातराणी, फार उपयुक्त प्रतिसाद. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. त्यात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्याही कमी लवतात, आणि चेहरा कोरा दिसतो. भेटायला आलेल्यांना वाटतं, आपण आलेलं यांना आवडलं नाही. काही जण म्हणूनच यायचे कमी झाले. ते निघून गेल्यावर बाबा त्यांच्या प्रत्येक गोष्टीबद्दल बोलतात, आनंदानं बोलतात. आता येणाऱ्याला मी दारातच सांगतो, "चेहऱ्यावर जाऊ नका, त्यांना बोलायला वेळ द्या." इतकं सांगितलं तरी भेट निराळी होते.

कवडसा

मुक्काम यांचा प्रतिसाद वाचून लिहिण्याचं धाडस करते आहे.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. "डोळ्यांत बघून बोल" हे वाक्य त्यानं जितक्या वेळा ऐकलं असेल तितकं दुसरं क्वचितच. तो सगळ्यात छान ऐकतो ते छताकडे किंवा हातातल्या वस्तूकडे बघत. मी गोष्ट सांगत असते, तो खोडरबर बोटांत फिरवत असतो, आणि मधेच विचारतो, "पण मघाशी तर ती म्हणाली होती ना, की दार बंद होतं?" म्हणजे एकही शब्द निसटलेला नसतो. त्यालाच माझ्या डोळ्यांकडे बघायला लावलं की सगळी शक्ती बघण्यातच जाते आणि गोष्ट हरवते. हे त्यानं मला स्वतः सांगितलं आहे: "डोळे खूप हलतात, मग आवाज ऐकू येत नाही."

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलेला विचार मला फार बळ देऊन गेला. आजवर सांगितलं जायचं की स्वमग्न माणसांना इतरांच्या खुणा वाचता येत नाहीत. मिल्टन म्हणतात, अडचण दोन्ही बाजूंनी आहे, इतरांनाही स्वमग्न माणसाच्या खुणा वाचता येत नाहीत. पुढे २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक माहिती माणसांच्या साखळीतून कानोकानी पुढे पाठवायची होती. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती तितकीच शाबूत पोचली जितकी कुणीच स्वमग्न नसलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत.

म्हणून "नजर मिळवत नाही म्हणजे लक्ष नाही" किंवा "काहीतरी लपवतोय" हे कुणी सहज म्हणालं की मला ते अंगावर येतं. माझ्या मुलाला आयुष्यभर अशा निवाड्यांमधून जायचं आहे.

चाहूल

कवडसा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. "डोळे खूप हलतात, मग आवाज ऐकू येत नाही" हे मुलानं स्वतः सांगितलं, म्हणून तुम्हाला कळलं. बाहेरून बघून कुणाला ते कधीच कळलं नसतं.

आडवाट

कवडसा यांचा प्रतिसाद वाचून विचारात पडलो आहे. आमच्या मुलाखतीच्या कागदावर "नजरेला नजर देतो का" अशी एक ओळच आहे. ती तिथे का आहे, हे उद्या विचारतो.

एक शंका राहतेच. हाताच्या घडीबद्दल मान्य, गार वाटत असेल, खुर्चीला हात नसतील. पण पायांबद्दल ऐकलं आहे की चेहरा फसवतो, पाय नाही. ज्या दिशेला पायाचा पंजा, तिकडे मन. यात काही तथ्य?

पायवाट

पायांबद्दल लिहितो, कारण हा माझा आवडता भाग आहे. "पाय कधी फसवत नाहीत" असा काही नियम नाही. गुडघा दुखणारा माणूसही पाय वळवून उभा राहतो. पण उभ्यानं बोलणाऱ्या घोळक्यात अंग कसं मांडलेलं असतं, यावर ॲडम केंडन यांनी फार सुंदर काम केलं आहे. दोन-तीन माणसं उभी राहून बोलू लागली की त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा तयार होते. तिच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क असतो, आणि सगळे मिळून ती राखतात. एक जण थोडा सरकला तर बाकीचेही नकळत सरकून आकार परत जुळवतात.

आता त्या घोळक्याशी चौथा माणूस येतो. इथे बारकाईनं बघा. कधी फक्त माना वळतात, हसून "बोला" म्हटलं जातं, पण खांदे आणि पाय जिथल्या तिथे असतात. आलेला माणूस कडेला, अर्धवट बाहेर उभा राहतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. कधी मात्र एक जण अर्धं पाऊल मागे घेतो, दुसऱ्याचा खांदा उघडतो, आणि वर्तुळ चौघांचं होतं. शब्द दोन्ही वेळा तेच होते.

यातही पहिल्या प्रकाराचा अर्थ "तू नको आहेस" असाच असं नाही. कदाचित खाजगी विषय चालू असेल, कदाचित मागे भिंत असेल. पण मला याचा उपयोग उलट्या बाजूनं होतो. कुणी नवं, बुजरं माणूस कडेला उभं दिसलं की मी अर्धं पाऊल मागे घेतो. "या" म्हणण्यापेक्षा ते जास्त लवकर पोचतं.

अंतराबद्दल जाता जाता. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये दिलेली मापं, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंत अगदी जवळचं, १.२ मीटरपर्यंत ओळखीतलं, ३.६ मीटरपर्यंत कामकाजाचं, ही सगळीकडे जगाचा नियम म्हणून छापतात. ती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय प्रौढांना बघून काढलेली होती, आणि हे हॉल यांनीच नमूद केलं होतं.

निर्झर

एक दुरुस्ती सुचवते, कारण अशा चर्चांत हा घोटाळा हमखास होतो. मूकबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे देहबोली नव्हे. माझे आईवडील दोघेही ऐकू न येणारे, मी त्या भाषेतच वाढले. तिला स्वतःचं व्याकरण आहे. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल हे दाखवून दिलं, तेव्हा कुठे भाषाशास्त्रज्ञ त्याकडे गांभीर्यानं बघू लागले. अनेक सांकेतिक भाषांत "हो की नाही" असं उत्तर हवं असलेला प्रश्न विचारताना भुवया वर जातात. ते आश्चर्य नसतं, ते प्रश्नचिन्ह असतं. ऐकू येणारी माणसं आईकडे बघून म्हणतात, "किती भावुक बोलतात!" ती फक्त "आज पाणी आलं का" असं विचारत असते.

सांजवेळ

फोन आणि व्हिडिओ कॉलवर हे सगळं कसं चालतं, यावर कुणी लिहा ना. मला पडद्यावर समोरचे सगळे नाराजच वाटतात.

चाहूल

सांजवेळ, त्याला एक सरळ कारण आहे. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला फार थोडा वेळ लागतो. २००९ मध्ये १० भाषांमधली संभाषणं मोजली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर बहुतेक ठिकाणी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. आपल्याला या तालाची इतकी सवय असते की उत्तर जरा उशिरा आलं तरी "बिचकला", "मनात नाही" असं वाटतं. इंटरनेटवरून आवाज पोचायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. २०१४ च्या एका अभ्यासात हा विलंब मुद्दाम घालून बघितला, तेव्हा लोकांनी तंत्राला दोष न देता समोरच्या माणसालाच कमी लक्ष देणारा ठरवलं.

शिवाय कॅमेरा वर आणि चेहरा खाली, त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बघत असले तरी नजर जुळत नाही. मी तर महत्त्वाचं किंवा नाजूक बोलायचं असेल तर व्हिडिओ बंद करून साधा फोन करते. अर्धीमुर्धी देहबोली दिसण्यापेक्षा नुसता आवाज बरा.

मुक्काम

आणि ते मुलाखतीआधी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं? आत्मविश्वास वाढतो म्हणतात.

पारवा

२०१० च्या त्या मूळ प्रयोगात ४२ जण होते. २०१५ मध्ये दुसऱ्या गटानं २०० जणांवर करून पाहिला, तेव्हा संप्रेरकांत किंवा धोका पत्करण्यात फरक दिसला नाही, फक्त लोकांना आपण जरा खंबीर आहोत असं वाटलं. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं, की या परिणामावर आता त्यांचा विश्वास नाही. बरं वाटत असेल तर जरूर उभं राहावं, पण तयारीचा वेळ त्यात घालवू नये.

दिवेलागण

सगळे प्रतिसाद वाचले. माझी अडचण पुढची आहे. बदल दिसतो, चाहूल म्हणतात तसं विचारतेही. पण "तू नाराज दिसतेस" म्हटलं की मुलगी उसळते, "मी नाराज नाहीये!" आणि संभाषण तिथेच संपतं. विचारायचं तरी कसं?

चाहूल

दिवेलागण, "नाराज दिसतेस" यात तुम्ही विचारत नाही, निकाल सांगता. मग ती निकालाशी भांडते. मी जे दिसलं तेवढंच सांगते आणि त्याला नाव देत नाही. "आज आल्यापासून दप्तर तसंच खांद्यावर आहे तुझ्या." पुढे काही नाही. तिला बोलायचं असेल तर वाट मोकळी आहे, नसेल तर ती दप्तर काढून ठेवेल आणि आत जाईल.

चारचौघांत तर हे करूच नये. बैठकीत कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की "काय झालं, पटलं नाही का?" असं सगळ्यांसमोर विचारणारे लोक असतात. त्यांना वाटतं आपण किती जाणून घेतो. पण त्या माणसाला तिथल्या तिथे काहीतरी कारण तयार करून द्यावं लागतं. नंतर एकटं गाठून कामाबद्दल विचारावं, चेहऱ्याबद्दल नाही: "त्या तारखा जमतील का तुला?"

रातराणी

अनुमोदन. त्यात एवढीच भर, की विचारताना उभ्यानं विचारू नये. मी खाटेशी स्टूल ओढून बसते. दाराशी उभं राहून "काही त्रास?" विचारलं तर "नाही" येतं, कारण माझे पाय निघालेले त्याला दिसत असतात.

कवडसा

आणि शक्यतो समोरासमोर नको. आम्ही घरी समोर बसून प्रश्न विचारणं बंद केलं. कपड्यांच्या घड्या घालताना, रस्त्यानं चालताना, शेजारी शेजारी असताना विचारते. कुणालाच कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. त्याचं उत्तर यायला कधी कधी मिनिटभरही लागतं. तेवढ्यात मी प्रश्न बदलत नाही, घड्या घालत राहते.